तुझं कुणी ऐकत नाही

कानांवर हेडफोन होता आणि त्यात कुणी एक गृहस्थ आपल्या कपडे धुण्याच्या यंत्राचं गाऱ्हाणं सांगत होते, तेव्हा टेबलावर पालथा ठेवलेला तिचा फोन जरासा थरथरला. तिने तो उलटला. पडद्याच्या मधोमध, करड्या पट्टीत, बारीक अक्षरांत एक ओळ उमटली होती : टिटवी या गटातून बाहेर पडली. बस्स, एवढंच. घरातून कुणी रुसून निघालं तर बिजागरी तरी कुरकुरते, चपला तरी वाजतात, जिन्यावर पावलं तरी उतरत जातात. इथे माणूस गेलं आणि मागे नुसती करडी पट्टी राहिली. हेडफोनमधले गृहस्थ म्हणत होते, "अहो, पाणीच फेकत नाही ते बाहेर, नुसतं गुरगुरत बसतं," आणि पलीकडची मुलगी गोड आवाजात त्यांची क्षमा मागत होती. घुमीने रेकॉर्डिंग थांबवलं. गृहस्थ तोंड उघडं राहिल्यासारखे मधेच थांबले. खोलीतलं वातानुकूलन घरघरत राहिलं. शेजारच्या टेबलावरच्या मुलीने विचारलं, "काय झालं, मॅडम?" घुमी म्हणाली, "काही नाही," आणि म्हणतानाच तिला आपला आवाज ऐकू आला. हाच आवाज रेकॉर्डिंगमध्ये असता तर तिने त्याला गुण दिले नसते.

घुमी हे काही तिचं खरं नाव नव्हे. शाळेत बाईंनी प्रश्न विचारला की ती उभी राहायची, ओठ मिटून, नजर फळ्यावर, आणि बाई म्हणायच्या, "बस खाली, घुमे." तेव्हापासून नाव चिकटलं ते चिकटलंच. आता केस पिकले, चष्मा जाड झाला, तरी शाळेतल्या मैत्रिणींच्या तोंडी ती घुमीच. टिटवी तिच्या शेजारी बसायची, शेवटच्या बाकावर. टिटवी म्हणजे अखंड टिवटिव. एक बोलायची, एक ऐकायची. एक ओतायची, एक भरून घ्यायची. टिटवीच्या गोष्टींना आगापिछा नसायचा. शेजारणीच्या मांजरीपासून निघालेली गोष्ट कुठल्याशा राजाच्या विहिरीपर्यंत पोचायची आणि तिथून थेट टिटवीच्या मामाच्या दाढदुखीवर यायची. घुमीचं काम एकच, मधूनमधून 'हं' म्हणायचं. 'हं' थांबलं की टिटवी कोपराने ढोसायची, "झोपलीस काय गं? हुंकार दे की! मला कसं कळायचं?" शाळा सुटली की वाटेत टिटवीचं घर आधी लागायचं, पण गोष्ट संपलेली नसायची, म्हणून टिटवी घुमीला पोचवायला पुढे यायची, घुमीच्या दारातही ती संपायची नाही, म्हणून घुमी टिटवीला पोचवायला मागे जायची, आणि अशा येरझाऱ्या घालता घालता रस्त्यावरचे दिवे लागायचे, आणि दोघींपैकी कुणाची तरी आई गॅलरीतून ओरडायची तेव्हा कुठे राजा विहिरीतून बाहेर यायचा.

आता ऐकणं हेच घुमीचं पोट भरण्याचं साधन झालं होतं. घरगुती यंत्रं विकणाऱ्या एका कंपनीत, तळमजल्यावरच्या बिनखिडकीच्या खोलीत, ती लोकांचे फोन ऐकायची. फोन करणाऱ्याला आधी ती ठरलेली बाई सांगते ना, की सेवेच्या सुधारणेसाठी आपलं बोलणं नोंदवलं जाऊ शकतं, त्यातली ती सेवेची सुधारणा म्हणजे घुमी. मुलींनी नमस्कार नीट केला का, आवाजात हसू होतं का, क्षमा मागितली ती मनापासून वाटली का, हे ऐकायचं आणि गुण द्यायचे. आपण काय करतो हे बाहेर कुणाला सांगायचं नाही, असा नियम होता. तो पाळायला तिला कधी कष्ट पडले नाहीत, कारण कुणी विचारतच नव्हतं. 'कंपनीत आहे' एवढ्यावर भागायचं. भाऊ आणि वहिनींच्या घरात मागच्या बाजूची खोली तिची होती. वहिनी वाईट नव्हत्या, पण त्या सगळं अर्धंच बोलायच्या आणि उरलेलं अर्धं टीव्हीकडे बघून पुरं करायच्या. "वन्सं, तुम्हाला सांगते, त्या वरच्या मजल्यावरच्यांनी ना..." आणि मग टीव्हीवर कुणीतरी कुणाच्या तरी थोबाडीत मारायचं, आणि वरच्या मजल्यावरच्यांनी काय केलं ते कायमचं राहून जायचं. घुमीच्या डोक्यात अशी अर्धी वाक्यं साठलेली होती; कोळ्याच्या जाळ्यासारखी, कोपऱ्याकोपऱ्यात, हलकी, पण झाडून जात नव्हती.

शाळेतल्या मैत्रिणींचा फोनवरचा गट लंबूने बांधला होता. लंबू पूर्वी वर्गात सगळ्यांत उंच होती आणि आता एका विमा कचेरीत साहेब होती. त्यात एक डॉक्टरीण होती, आणखी दोघीचौघी होत्या, ज्या फक्त वाढदिवसाला उगवायच्या, आणि टिटवी होती. टिटवीचे निरोप पहाटेच यायचे, कोंबडा आरवावा तसे, आणि त्यांच्या सुरुवातीला नेहमी 'सावधान' असायचं. सावधान! तुमच्या छपरावरचा टॉवर तुमची झोप शोषून घेतो. सावधान! नव्या वीजमीटरला कळतं की घरात माणसं किती. सावधान! फोन बंद केला तरी तो बंद नसतो, तो कान टवकारून असतो. लंबू त्यावर हसून लोळणारे चेहरे टाकायची. "टिटवे, माझा मीटर म्हणतोय की नवऱ्याला घरी थांबू देऊ नका, युनिट जास्त पडतात." डॉक्टरीण एक शब्द लिहायची, "कठीण." टिटवी चिडायची नाही. उलट दुसऱ्या पहाटे आणखी लांब निरोप यायचा. घुमी सगळे वाचायची, शेवटच्या उद्गारचिन्हापर्यंत, पण लिहायची काहीच नाही. फोनमध्ये 'हं' म्हणायची सोय नव्हती. अंगठा दाखवायची होती, पण अंगठा दाखवला तर पटलं असा अर्थ होतो, आणि पटत तर नव्हतं.

मग एकदा टिटवीने लिहिलेलं नव्हे, बोललेलं पाठवलं. तिचा नवरा जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. शेवटी शेवटी त्याला ऐकू येईनासं झालं होतं, त्यामुळे टिटवीला घरात ओरडून बोलायची सवय लागली होती, आणि तो गेल्यावरही आवाज खाली आला नव्हता. ती ओरडून सांगत होती : "अगं ऐका, परवा मी घरात एकटी, भांडी विसळता विसळता आपली मोठ्याने म्हणाले, आता गुडघ्याला पट्टा घ्यायलाच हवा बाई. कुणाला म्हणाले? कुणालाच नाही. भिंतीला. आणि दुसऱ्या दिवशी फोन उघडते तर काय, पट्टेच पट्टे! निळे, काळे, चिकटवायचे, ओढायचे! आता सांगा, कोण होतं घरात? कुणी ऐकलं?" लंबूने लिहिलं, "भिंतीला कान असतातच, आता पट्टाही आला." घुमीने ते बोलणं पुन्हा लावून ऐकलं. तिला त्यात भीती ऐकू आली. निदान तेव्हा तरी तिला वाटलं की ती भीतीच आहे. आणि आपली टिटवी एकटी घरात घाबरून बसली आहे हे तिला डोळ्यांपुढे दिसू लागलं, आणि रविवारची दुपार होती, वहिनींचा टीव्ही पलीकडे बोलत होता, आणि घुमीने आयुष्यात पहिल्यांदा गटावर मोठं काहीतरी लिहायला घेतलं.

तिने किती निगुतीने लिहिलं होतं ते! फोन सतत ऐकत राहिला तर त्याची बॅटरी कशी टिकणार नाही. गुडघ्याबद्दल तूच कधीतरी फोनमध्ये काही पाहिलं असशील आणि विसरली असशील. तुझं वय, तू औषधं घेतेस ते दुकान, तुझ्या ओळखीच्यांचे शोध, यावरून यंत्र अंदाज बांधतं. अंदाज शंभरदा चुकतो ते आपल्या लक्षात राहत नाही, एकदा बरोबर येतो ते राहतं. वाक्य लिहावं, पुसावं, मऊ करावं, पुन्हा लिहावं. आणि शेवटी, टिटवीच्या पाठीवरून हात फिरवावा तसं, तिने लिहिलं : "उगाच घाबरू नकोस. निर्धास्त राहा. तुझं बोलणं कुणीही ऐकत नाही." आणि पाठवून दिलं. लगेच लंबूच्या टाळ्या आल्या, हातच हात. "शाब्बास घुमे! इतकी वर्षं कुठे होतं हे तोंड?" डॉक्टरीण म्हणाली, "अगदी मुद्देसूद." वाढदिवसाला उगवणाऱ्या दोघी उगवल्या. "टिटवे, ऐकलंस ना? तुझं कुणी ऐकत नाही!" असं लंबूने पुन्हा लिहिलं, आणि खाली पुन्हा ते लोळणारे चेहरे. घुमीचे कान गरम झाले होते, सुखाने. खोटं कशाला बोला, ते सुखच होतं. वर्गात उभं राहून एकदाचं उत्तर आलं होतं. मग टिटवीच्या नावाखाली 'लिहीत आहे' असं आलं. गेलं. पुन्हा आलं. पुन्हा गेलं. पाण्यातला बुडबुडा वर यावा आणि फुटू नये, तसं ते बराच वेळ चाललं होतं, आणि मग पाणी स्थिर झालं. दुसऱ्या पहाटे 'सावधान' आलं नाही. तिसऱ्याही नाही. लंबू म्हणाली, "चला, औषध लागू पडलं."

आणि आज ही करडी पट्टी.

तिने आपला तो निरोप पुन्हा काढला. काम करतो तसं करू, असं तिने मनाशी म्हटलं, जणू हा कुणा मुलीचा फोन आहे आणि गुण द्यायचे आहेत. नमस्कार : नाही. आवाजात हसू : थोडं, पण ते कुणासाठी होतं, टिटवीसाठी की लंबूसाठी? माहिती : बिनचूक. आणि मग ती शेवटच्या वाक्यावर आली, आणि ते तिने टिटवीच्या घरात नेऊन ठेवलं, त्या रिकाम्या, मोठ्याने बोलायची सवय झालेल्या घरात, भांडी विसळायच्या जागेशी, आणि तिथून ते ऐकलं. तुझं बोलणं कुणीही ऐकत नाही. अगं बाई गं. हात हेडफोनवरच राहिला. लिहिताना त्या वाक्याचं तोंड एकीकडे होतं. वाचताना ते वळून दुसरीकडे बघत होतं. एखाद्या बाईचं कुणी ऐकत नाही म्हणजे काय, हे काय तिला माहीत नव्हतं? भावाच्या घरात तिचं कोण ऐकत होतं? टिटवीला असं वाक्य नवऱ्याने म्हटलं असतं, शेजारणीने म्हटलं असतं, रस्त्यावरच्या भांडणात कुणीही म्हटलं असतं, तर तिने दोन हासडल्या असत्या आणि पुढे चालू लागली असती. पण हे घुमीने म्हटलं होतं. जगात जिच्या 'हं'वर टिटवीचा राजा विहिरीतून वर यायचा, तिने, सगळ्यांसमोर, मुद्देसूद.

"मी निघते आज जरा लवकर," ती म्हणाली. शेजारची मुलगी बघतच राहिली. घुमी मॅडम लवकर निघाल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. बसमध्ये खिडकीशी बसून तिने टिटवीला फोन लावला, तर वाजून वाजून तो थांबला. पुन्हा लावला नाही. समोरच्या बाकावर एक आजोबा फोनशी बोलत होते, फोन कानाला न लावता, तळहातावर आरशासारखा धरून, आणि त्यातून एक लहान आवाज त्यांना उत्तरं देत होता. पलीकडे एक बाई स्वतःशी ओठ हलवत होती. हिशेब असेल, नाहीतर भांडणाची तयारी. सगळी बस काही ना काही बोलत होती आणि काचा बंद होत्या. घुमीला वाटलं, आपण टिटवीला जाऊन म्हणायचं तरी काय? क्षमा कशी मागावी याचे गुण ती वर्षानुवर्षं देत आली होती. 'आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल आम्ही दिलगीर आहोत' हे वाक्य तिने इतक्या गळ्यांतून ऐकलं होतं की त्यातून आता धातूचा वास यायचा. आपल्या गळ्यातून ते कसं येईल याचा तिने अंदाज घेतला आणि तिला स्वतःलाच शून्य गुण द्यावेसे वाटले.

टिटवीच्या दाराला साखळी होती. आतून आवाज आला, "कोण?"

"मी गं."

"मी म्हणजे? मी तर सगळेच असतात."

"घुमी."

दार बोटभर उघडलं. फटीत एक डोळा आला, पाणीदार, खाली काळं वर्तुळ. "फोन आणलायस?"

"आहे पर्समध्ये."

"आण इकडे." फटीतून हात आला, फोन घेऊन आत गेला, आत कसलंसं झाकण फिरवल्याचा आवाज झाला, आणि मग साखळी निघाली. ओट्यावर प्रेशर कुकर होता, फोन त्याच्या पोटात गेलेला, आणि टिटवी पदराने हात पुसत त्याच्याकडे मान वेळावत म्हणाली, "हसू नकोस. शिट्टी काढून ठेवलीय." घुमीला हसू आलंच होतं, ते तिने गिळलं. टीव्हीच्या काचेखालच्या लाल ठिपक्यावर टिटवीने जखमेला लावायची चिकटपट्टी लावली होती, नीट, कडा दाबून, मुलाच्या ढोपराला लावतात तशी. नवऱ्याची खुर्ची भिंतीकडे तोंड करून होती. टिटवीने चहा टाकला. आलं किसलं, गाळला, कप पुढे केला, आणि समोर बसली. आणि काही बोलली नाही.

घुमी वाट बघत राहिली. ती ऐकायला आली होती, आणि ऐकायला काही नव्हतं. नळातून थेंब पडत होता. खाली कुणीतरी गाडी मागे घेत होतं आणि गाडी कुईकुई करत होती. टिटवी गप्प बसलेली घुमीने कधी पाहिलीच नव्हती; तिच्या नवऱ्याला नेलं त्या दिवशीही ती बोलत होती, त्याच्या चपलांबद्दल, सारखं त्या चपलांबद्दल. गप्प टिटवी वेगळीच दिसत होती, घरातलं सामान हलवल्यावर भिंत दिसते तशी, जरा फिकट, जरा नागडी.

"बोल ना काहीतरी," शेवटी घुमी म्हणाली.

"कशाला? कुणी ऐकत नाही म्हणे."

"तसं नव्हतं गं म्हणायचं मला. फोन ऐकत नाही, असं म्हणायचं होतं."

"कळतं मला. अडाणी नाही मी." टिटवीने कप बशीत फिरवला. "पहिल्यांदा वाचलं तेव्हा तसंच वाचलं मी. म्हटलं, घुमीने लिहिलंय, एवढं लांब, माझ्यासाठी. बरंसुद्धा वाटलं. मग लंबूचं ते हसणं आलं खाली. आणि मग पुन्हा वाचलं तर वाक्याने कूस बदललेली."

"टिटवे..."

"आणि एक सांगू? तो पट्टा दिसला ना फोनमध्ये, त्या दिवशी, तेव्हा आधी मला भीती नाही वाटली."

"मग काय वाटलं?"

टिटवीने घुमीचा कप तिच्याकडे सरकवला. "पी, निवतोय," म्हणाली.

आणि घुमीला ते बोलणं पुन्हा ऐकू आलं. कुणी ऐकलं? कोण होतं घरात? दिवसाला चाळीस माणसांचे आवाज पारखणाऱ्या आपल्या कानांनी त्यात भीती ऐकली होती, आणि भीती होतीही, पण तिच्या खाली, लाजऱ्या मुलीसारखं पडद्याआड उभं, दुसरं काहीतरी होतं. दारावर टकटक झाल्यावर, कुणी आलं म्हणून, आवाजात येतं ते. तिने कप खाली ठेवला. आपण बोललो नाही तर आज या घरात कुणीच बोलणार नाही हे तिला दिसत होतं, आणि बोलायची सवय नसल्यामुळे तिच्याकडे एकच गोष्ट होती, तीही बाहेर काढायची नाही अशा अटीवर दिलेली.

"मी ऐकते," ती म्हणाली.

"काय ऐकतेस?"

"लोकांचं. तेच काम आहे माझं. फोन येतात ना कंपनीत, यंत्र बिघडलं, पाणी गळतं, ते सगळे साठवतात. त्यातले काही मला येतात. मी ऐकते आणि मुलींना गुण देते."

टिटवीची पाठ ताठ झाली. "म्हणजे खरंच माणूस बसवलेलं असतं?"

"मी असते."

"आणि तू मला बॅटरीचं शिकवत होतीस!"

"ते वेगळं गं. हे सांगून ऐकतात. ती बाई आधी सांगते ना..."

"त्या बाईचं कोण ऐकतं!" टिटवी ओरडली, आणि तो तिचा जुना आवाज होता, आणि घुमीला इतकं बरं वाटलं की नोकरीचा नियम, लंबू, बॅटरी, सगळं एका बाजूला सरकलं. ती पुढे सांगत राहिली. धडपडत, मधेच अडत, गोष्ट कशी सांगायची हे न कळता. "आणि होल्डवर ठेवतात ना, थांबा म्हणतात, बाजा लावतात, तेव्हासुद्धा चालू असतं. माणसाला बाजा ऐकू येतो, आम्हाला माणूस ऐकू येतो. कुणी कुत्र्याशी बोलतं. कुणी नुसता श्वास घेतं. त्याला गुण नसतात, ते मी पुढे ढकललं तरी चालतं. मी ढकलत नाही."

टिटवीने कपबशी बाजूला सरकवली. मग तिने विचारलं, आवाज एकदम खाली आणून, एवढा खाली की घुमीला पुढे वाकावं लागलं, "मग माझं ऐकलंस कधी? मी केला होता गं फोन. ते फ्रिजचं झालं होतं तेव्हा. बराच वेळ थांबवलं होतं मला."

नाही, हे खरं उत्तर होतं. एवढ्या मोठ्या शहरातल्या एवढ्या फोनमधून टिटवीचा तिच्या वाट्याला येणं म्हणजे पाऊस पडताना नेमका एक थेंब ओळखणं. पण समोर ते डोळे होते, आणि त्या डोळ्यांना 'नाही' म्हणणं म्हणजे तेच वाक्य पुन्हा, या वेळी तोंडावर. "एकदा वाटलं होतं," घुमी म्हणाली, आणि खोटं बोलताना तिने नजर कपातल्या चहावर ठेवली. "नाव नव्हतं आलं. पण आवाज तुझ्यासारखा होता. बाजा लागला होता, आणि तू, म्हणजे ती, गाणं म्हणत होतीस."

"काय?"

गाणं तेवढं खरंच ऐकलेलं होतं. घुमीला गाता येत नव्हतं. तिने ते नुसतं म्हटलं, कविता म्हणावी तसं : "वाऱ्या रे वाऱ्या, दार नको वाजवू..."

टिटवीने डोकं हलवलं. "ती मी नव्हे. मी होल्डवर गाणं म्हणेन? मी त्या बाजाला शिव्या घालत होते." घुमीचा चेहरा पडलेला तिने पाहिला की नाही कुणास ठाऊक. ती खिडकीकडे बघत होती. खिडकीबाहेर दुसऱ्या इमारतीच्या खिडक्या होत्या, आणि त्यांतल्या काहींत आता दिवे लागत होते. "कोण असेल गं ती?" टिटवी म्हणाली. "काय बिघडलं होतं तिचं?"

"मिक्सर."

"आणि पुढे? पुढची ओळ काय?"

"पुढे काही नाही. मुलगी आली फोनवर, आपण थांबलात त्याबद्दल धन्यवाद म्हणाली, आणि ही गप्प झाली."

"अर्ध्यावर?"

"अर्ध्यावर."

"मेल्या बाजेवाल्या," टिटवी म्हणाली. "एक ओळ पुरी नाही करू दिली बाईला." मग तिने ओठ हलवून ती ओळ जिभेवर घोळवली, दोनदा, तीनदा, मान एका बाजूला करून, आणि पुढे म्हणाली :

"वाऱ्या रे वाऱ्या, दार नको वाजवू,
कुणी आलं म्हणून मला नको उठवू."

"हे असंच आहे गाणं?"

"असेल. नसलं तर आता झालं," टिटवी म्हणाली, आणि नाक ओढलं, आणि मग फ्रिज कसा बिघडला होता ते सांगायला तिने सुरुवात केली, आणि फ्रिजवरून गोष्ट नवऱ्याच्या चपलांवर गेली, आणि चपलांवरून एका चांभारावर. घुमी 'हं' म्हणत राहिली. निघताना टिटवीने कुकर उघडून फोन हातात दिला. गटात परत येतेस का, असं घुमीने विचारलं नाही, आणि टिटवीनेही विषय काढला नाही. टीव्हीच्या डोळ्यावरची चिकटपट्टी तशीच होती. बसमध्ये घुमीला कळत होतं की आपण वाद हरलो आहोत, पुरते, आणि आता कधीही जिंकणार नाही. तिला वाटलं होतं त्याहून ते हलकं होतं. पण जड जे होतं ते दुसरंच होतं. घरी पोचल्यावर हे सांगायला तिच्याकडे कुणी नव्हतं.

आणि मग चारसहा दिवसांनी, जेवणाच्या सुटीत, लंबूने गटावर एक निरोप टाकला. "घुमे, हे बघ! आमच्या इमारतीच्या गटात फिरतंय. नाव नाहीये, पण इतकी उद्गारचिन्हं दुसरं कोण टाकणार?" खाली होतं : "सावधान!! कंपन्यांमध्ये ऐकणारी माणसं बसवलेली आहेत! हे मला आतल्या माणसाने सांगितलं आहे! नाव विचारू नका, मरेपर्यंत सांगणार नाही! तुम्हाला फोनवर थांबवून ठेवतात तेव्हा बाजा तुम्हाला ऐकू येतो आणि तुम्ही त्यांना ऐकू येता! तेव्हा लक्षात ठेवा, थांबलेले असताना तुम्ही एकटे नसता! म्हणून नीट बोला! शिव्या घालू नका! गाणं म्हणा! अर्धं राहिलं तर दुसरं कुणी पुरं करेल! हे जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोचवा!" लंबूने खाली ते चेहरे टाकले होते, लोळणारे. डॉक्टरीण म्हणाली, "कठीण." कुणीतरी विचारलं, "गाणं कुठलं म्हणायचं?" आणि मग सगळ्याजणी मिळून, "घुमे, दे ना हिला उत्तर! मुद्देसूद! घुमे, आहेस का?"

घुमीने हातातला घास डब्यात परत ठेवला. हे कंपनीत कुणी वाचलं तर? आतलं माणूस म्हणजे बिनखिडकीच्या खोलीतल्या मोजक्या बायका; शोधायला कितीसा वेळ लागेल? तिने लिहायला घेतलं. यातलं अर्धं खरं आहे, अर्धं नाही. होल्डवरचं खरं आहे. माणसं बसवली आहेत हे खरं, पण ती हेरगिरीसाठी... बोटं थांबली. वाक्य बरोबर होतं, पुढचंही बरोबर येणार होतं, टाळ्याही येणार होत्या. तिने ते पुसलं, मागून पुढे, एकेक अक्षर, पहिल्या अक्षरापर्यंत. मग फोन घेऊन ती बाहेर आली, जिन्याचं जड दार ढकलून आत गेली, कारण तिथे कुणी येत नसे, आणि मधल्या पायरीवर बसून तिने टिटवीला फोन लावला.

पलीकडे फोन उचलला गेला, आणि टिटवी, जी आयुष्यभर 'कोण बोलतंय' म्हणत आली होती, ती ओरडून म्हणाली, "कोण ऐकतंय?"

"मी," घुमी म्हणाली.

"वाटलंच! वाचलंस का ते? घाबरू नकोस, नाव नाही घातलं मी तुझं. मला काय अक्कल नाही? बरं झालं केलास फोन. अगं, काल काय झालं माहितीये, खालच्या मजल्यावरची ती आहे ना, तिने पण वाचलं ते, आणि ती आली वर, कधी येत नाही गं ती, आली आणि म्हणाली..."

जिन्यातला दिवा माणसाच्या हालचालीवर लागणारा होता. घुमी भिंतीला डोकं टेकून, अंग चोरून, स्तब्ध बसली होती, आणि टिटवी सांगत होती. खालच्या मजल्यावरची काय म्हणाली, तिची मुलगी कुठे असते, ती मुलगी फोन का करत नाही. थोड्या वेळाने दिव्याला वाटलं की इथे कुणीच नाही, आणि तो विझला. नुसता हात हलवला असता तरी पुन्हा लागला असता. घुमीने हात हलवला नाही. अंधारात फोनची काच गालाला ऊन लागत होती, आणि आवाज त्याहून ऊन, आणि मधेच तो आवाज थबकला.

"घुमे? आहेस ना गं?"

"आहे," घुमी म्हणाली. "इथेच आहे. तू सांग."